अनुभव धागा : गाडं अडलं तेव्हा तुम्ही कुणाला विचारलंत?

फुकटचे सल्ले देणारे पायलीला पन्नास मिळतात, त्यांच्यासाठी धागा काढायची गरज नाही. मला ऐकायचंय ते नेमक्या माणसाबद्दल: तो कसा सापडला, त्यानं काय विचारलं, काय सांगितलं. डॉक्टर-वकिलांची नावं कृपया नकोत. सुरुवात मीच करतो.

आजोबा गेल्यावर वडील, दोन काका आणि आत्या अशी चौघांची नावं सातबाऱ्यावर लागली. धाकटे काका दिवाणी दावा ठोकायच्या बेतात होते. गावात एक निवृत्त नायब तहसीलदार राहतात, त्यांच्याकडे गेलो. त्यांनी कुणाचं किती चुकलं हे ऐकूनच घेतलं नाही. गटाचा नकाशा ओट्यावर पसरला आणि विचारलं, "विहीर कुणाच्या तुकड्यात येते? मागच्या तुकड्यात बैलगाडी कुठून जाणार?" आम्ही सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिलो, कारण भांडण चालू होतं ते गुंठ्यांवर. "आधी पाण्याची पाळी आणि वाट ठरवा, क्षेत्राचं नंतर बघू," म्हणाले.

दुसरं त्यांनी सांगितलं ते आत्याबद्दल. हक्कसोडपत्राचा कागद सहीसाठी तिच्या घरी पाठवायचा नाही, तिला बैठकीला बोलवायचं आणि काय हवंय ते तिच्याच तोंडून ऐकायचं. आत्यानं हक्क सोडला नाही. रस्त्याकडेचा लहान तुकडा मागितला आणि बाकीच्यावरचा आग्रह सोडला. सगळ्यांची संमती असल्यामुळे महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 85 खाली तहसीलदारांकडेच वाटप झालं, कोर्टाची पायरी चढावी लागली नाही.

द्राक्षवाला, निफाड

आमच्याकडं द्राक्षाच्या गोड्या छाटणीनंतर (म्हणजे फळासाठीची छाटणी) पानांच्या कडा करपायला लागल्या. दुकानदारानं एक फवारा दिला, मग दुसरा, मग "जरा स्ट्राँग" तिसरा. दुकानदार वाईट माणूस नाही हो, अडीनडीला उधारीवर तोच देतो. पण त्याला विचारलं की उत्तर बाटलीतच येणार.

मामेभावानं कृषी विज्ञान केंद्रातल्या एका तज्ज्ञांना फोन लावून दिला. फोटो पाठवू का म्हटलं, तर म्हणाले, फोटो राहू द्या, आधी बोअरचं पाणी तपासा, आणि फुलोऱ्यात घडासमोरच्या पानांचे देठ तोडून प्रयोगशाळेत द्या. पान नाही, देठ. रिपोर्टात सोडियम आणि क्लोराइड दोन्ही जास्त निघालं. रोग नव्हताच, पाणी खारट. वरून आम्ही पोटॅश म्हणून म्युरेट टाकत होतो, म्हणजे आणखी क्लोराइड! ते बंद करून सल्फेट ऑफ पोटॅशवर आलो. जमिनीतलं सोडियम कमी करायला जिप्सम टाकू का विचारलं, तर म्हणाले, तुमची जमीन चुनखडीची आहे, तिथं गंधक वापरा. करपलेलं पान काही हिरवं होत नाही, पण नवीन फूट स्वच्छ आली. पुढची लागवड खारट पाणी सोसणाऱ्या डॉगरिजच्या खुंटावर कलम करून केली, तेही त्यांच्याच सांगण्यावरून.

धागाकर्ते, विहिरीची पाळी कागदावर घेतली का तुम्ही? नाहीतर पुढची पिढी परत भांडेल.

धागाकर्ता

घेतली, वारांसकट. मोटरचं वीजबिल मात्र थोरल्या काकांच्या नावावर राहून गेलं. बिल आलं की कुरबूर होतेच.

लातूरची लेक

आईच्या स्तनातल्या गाठीची बायोप्सी कॅन्सरची आली. जिथं तपासणी झाली तिथं लगेच ऑपरेशनची तारीख देत होते. घरात दोन तट: एक म्हणे उरकून टाका, दुसरा म्हणे मुंबईला न्या.

आमच्या गल्लीतले जुने फॅमिली डॉक्टर कॅन्सरचे तज्ज्ञ नाहीत आणि तसं त्यांनी पहिल्याच वाक्यात सांगितलं. पण पुढं जे सांगितलं त्यावर सगळं पार पडलं. "नुसता रिपोर्ट घेऊन जाऊ नका. लॅबमधून काचेच्या स्लाइड आणि गाठीचा तुकडा बसवलेला मेणाचा ब्लॉक मागून घ्या, तो तुमचाच आहे. तिथले डॉक्टर स्वतः परत बघतात." लॅबवाल्यांनी जरा कुरकुर केली, सही घेतली आणि दिला. काडेपेटीपेक्षा लहान मेणाचा तुकडा, त्यावर नंबर. मी तो पर्समध्ये रुमालात गुंडाळून परळला टाटा मेमोरियलमध्ये नेला. त्यावरच पुन्हा तपासण्या झाल्या आणि आधी किमो, मग ऑपरेशन असं ठरलं. गाठ आकसली, स्तन पूर्ण काढावा लागला नाही.

राहायचं काय, हेही डॉक्टरांनीच सांगितलं होतं: दादरची गाडगे महाराज धर्मशाळा. असं सांगणारं कुणी भेटत नाही म्हणून माणसं फुटपाथवर झोपतात.

सोलापुरी चादर

ऐकावे जनाचे, करावे मनाचे. आमच्या वडिलांनी आयुष्यात कुणाला काही विचारलं नाही आणि त्यांचं काही अडलंही नाही. (आईचं अडलं असेल, ती बोलली नाही.)

नाव नको

वडीलधाऱ्यांना विचारा असं सगळे म्हणतात, म्हणून माझी दुसरी बाजू लिहिते. नवरा हात उचलायचा. सासूबाईंच्या बहिणीला सांगितलं, माझ्या मोठ्या काकांना सांगितलं, देवळातल्या बुवांनाही. तिघांचं एकच: जमवून घे, लेकरांकडं बघ. त्यांना माझी काळजी नव्हती असं नाही, पण त्यांना घरची अब्रू सांभाळायची होती.

उपयोगी पडली ती अंगणवाडीची ताई, वयानं माझ्याहून लहान. तिनं नवऱ्याला सोड म्हटलं नाही, राहा म्हटलं नाही. म्हणाली, "जायचं का राहायचं ते तू ठरव ताई. पण घर त्याच्या नावावर असलं तरी तुला त्यात राहायचा हक्क आहे, एवढं कळल्यावर ठरव." मला हे कुणी बोललंच नव्हतं. 2005 च्या घरगुती हिंसाचाराच्या कायद्यात तसं स्पष्ट आहे. ती मला त्याच कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्यांकडे घेऊन गेली, तिथून तालुका विधी सेवा समितीकडे. वकील फुकट मिळाला, आणि बरा मिळाला. मी घरातच राहिले. त्यानं हात लावायचा नाही असा आदेश झाला. आता तो वेगळा राहतो.

लातूरची लेक

ताई, फुकट वकिलासाठी उत्पन्नाचा दाखला लागतो का? आमच्याकडं कामाला येणाऱ्या मावशींसाठी विचारतेय.

नाव नको

बायकांना उत्पन्नाची अट नाही. ओळखपत्र आणि साधा अर्ज पुरला मला. समितीचं ऑफिस तालुक्याच्या कोर्टाच्या आवारातच असतं. आधी फोनवर विचारायचं असेल तर विधी सेवेची हेल्पलाइन आहे, 15100. मावशींना एकटं पाठवू नका, पहिल्यांदा तुम्ही सोबत जा.