एका दिवसात पाच गावं? (फॅमिली ग्रुप, स्पेनची तयारी: सेविल शहरातून गाडीने आसपासची पांढरी गावं बघायची)

आत्या: बंटी, तू पाठवलेलं वेळापत्रक आत्ता चष्मा लावून वाचलं. आठला सेविल सोडायचं आणि रात्रीपर्यंत आर्कोस, ग्रासालेमा, साहारा, सेतेनिल, रोंडा? माईंच्या गुडघ्यांचा विचार केलायस का?

बंटी: अगं आत्या, सगळी गावं जवळजवळ आहेत. नकाशा बघ.

आत्या: नकाशात वरंधा घाटही जवळच दिसतो. काय झालं होतं ते सगळ्यांना माहीत आहे.

दादा: तो विषय परत नको.

वहिनी: का नको? पिशव्या मी धरल्या होत्या.

नाना: बंटी, इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट काढलंस का? आरटीओत मिळतं. नुसतं आपलं लायसन्स घेऊन स्पेनमध्ये गाडी चालवता येत नाही.

छोटू: नाना, आज गुड मॉर्निंगचं फूल राहिलं.

ताई (सेविल): मी इथे राहते म्हणून स्पष्ट सांगते, राग मानू नका. बंटीच्या यादीत गाडीतच पाच तासांच्या वर जातात. गावं डोंगरावर, रस्ते वळणांचे, त्यामुळे किलोमीटरवरून अंदाज करू नका. आर्कोस तर हेरेस शहराच्या बाजूला आहे, ते कादिसला जाल त्या दिवशी करा. ग्रासालेमा ते साहारा मधे पालोमासची खिंड लागते. रस्ता अरुंद, एकावर एक वळणं. माई आणि दादा दोघांनाही त्रास होईल.

दादा: मला काही होत नाही.

वहिनी: बरं.

बंटी: पण ग्रासालेमा सोडायचं म्हणजे काय? स्पेनमधल्या सर्वात जास्त पावसाच्या गावांपैकी एक आहे ते, वर्षाला साधारण 2,000 मिलिमीटर! पिन्सापो नावाची फरची झाडं तिथे आहेत, हिमयुगापासून टिकलेली. डोक्यावर गिधाडं घिरट्या घालतात. मी महिनाभर वाचतोय यावर.

आत्या: पाऊस बघायला स्पेनला कशाला, ताम्हिणीला जा.

बंटी: आत्या, तू प्रत्येक गोष्टीला असंच करतेस. मागच्या वेळी हॉटेलचंही.

वहिनी: हॉटेलचा विषय काढायचा असेल तर बुकिंग मी केलं होतं, आणि कोणी थँक्यूसुद्धा म्हटलं नव्हतं.

(वहिनींनी हा मेसेज डिलीट केला)

छोटू: मी वाचला.

नाना: परमिटचं काय झालं?

ताई (सेविल): माझं ऐकाल तर तीन गावं. सेविलहून निघून आधी साहारा, ते रोंड्याच्या वाटेवरच आहे. मग सेतेनिल, दुपारी रोंडा. सेतेनिलला खडकाच्या पोटाखाली घरं आहेत, छप्पर म्हणजे अख्खा कातळ. कुएवास देल सोल नावाच्या गल्लीत त्या कातळाखाली टेबलं मांडलेली असतात, माईंना आरामात बसता येईल. बस भरून माणसं यायच्या आत पोचा. आणि गाडी खाली गल्लीत नेऊ नका! गूगल नेतो म्हणून गेलेले लोक आरसे मिटून मागे येताना मी पाहिलेत. वरच पार्क करा.

बंटी: मी सात जणांची व्हॅन बघत होतो.

ताई (सेविल): नको रे. दोन लहान गाड्या घ्या, ऑटोमॅटिक. आत्ताच बुक करा, इथे अजून गिअरच्याच जास्त मिळतात. गाडी उजवीकडून चालवायची, गोल चौकात आधीपासून आत असलेल्याला जाऊ द्यायचं. गावात 30 ची मर्यादा, फूटपाथ नसलेल्या गल्लीत 20.

आत्या: दुसरी गाडी कोण चालवणार?

दादा: मी.

वहिनी: बघू.

नाना: म्हणजे परमिट दोन लागतील.

नाना: साहाऱ्याचा किल्ला मात्र चुकवायचा नाही. 1481 च्या डिसेंबरात ग्रनाडाच्या मुस्लिम सुलतानाच्या फौजेने रात्री, वादळात छापा घालून तो ख्रिश्चनांकडून घेतला. त्यावरून पेटलेलं युद्ध थेट 1492 ला ग्रनाडा पडल्यावर थांबलं. मी बुरुजापर्यंत चढणार.

वहिनी: नाना, तुमची अँजिओप्लास्टी होऊन वर्ष झालं नाही. तुम्ही आणि माई खालच्या चौकात बसा. तिथून खाली हिरवानिळा जलाशय दिसतो म्हणे.

नाना: डॉक्टरांनी चालायला सांगितलंय.

आत्या: चालायला, चढायला नाही.

माई: मला रोंड्याचा पूल बघायचा आहे. बाकी तुम्ही ठरवा.

नाना: माई, तो 1793 मध्ये पुरा झाला, दरीवर जवळजवळ 98 मीटर उंच. त्याआधीचा पूल 1741 मध्ये कोसळून 50 च्या आसपास माणसं गेली होती.

आत्या: नाना, असलं कशाला टाकता? माई, तो जुना पूल. आताचा पक्का आहे.

माई: मला कळतंय ग. ही गावं एवढी पांढरी कशाने?

ताई (सेविल): चुना, माई. आपल्या वाड्याला दिवाळीआधी लावायचे तसाच. उन्हाळ्यात घर थंड राहतं. इथून जवळच्या मोरोन गावात चुना भाजायची जुनी पद्धत लोकांनी पुन्हा उभी केली, युनेस्कोने 2011 मध्ये तिची दखल घेतली.

बंटी: ठीक आहे, ग्रासालेमा काढलं. पण मनापासून नाही.

ताई (सेविल): बंटी, दुसऱ्या दिवशी तू आणि मी दोघंच जाऊ पहाटे. शब्द दिला.

वहिनी: जेवणाचं बोला. माई शाकाहारी, मी अंडं खाते.

ताई (सेविल): साधारण दीड ते चारमध्येच जेवा, नंतर बहुतेक स्वयंपाकघरं रात्री आठपर्यंत बंद. गावातली दुकानंही दोन ते पाच बंद असतात. माईंसाठी गास्पाचो म्हणजे टोमॅटोचं थंड सूप, आणि मध घातलेली तळलेली वांगी. साल्मोरेखो, म्हणजे तसंच पण दाट सूप, मागवलंत तर ‘सिन हामोन’ (हॅम नको) सांगा, नाहीतर वर डुकराचं मांस पेरून देतात. माईंसाठी मी घरून दशम्या देईन.

आत्या: हे बरं झालं. बंटी, मी ओरडले ते माईंच्या काळजीने.

बंटी: माहितीये ग. गुरुवारी आरटीओत जातोय. नाना, पासपोर्ट आणि व्हिसाची कॉपी नेतो.

नाना: दादाचीही ने.

आत्या: आणि बंटीच्या गाडीत पुढची सीट माईंची. दादा, वाचलंस ना?

दादा: वाचलं.