२०२० चा कॉलेज फुटबॉल हंगाम : तारांकन कशाला लावायचे?

सरळ रेषा :
अमेरिकन कॉलेज फुटबॉलचे २०२० चे विजेतेपद तारांकन लावूनच, म्हणजे शंकास्पद म्हणूनच, नोंदवावे, कारण कोरोनाच्या साथीतला तो हंगाम अर्धामुर्धा होता आणि मुळात खेळवायलाच नको होता, असे परवा एका सभासदांनी लिहिले. ते वाचून गप्प बसवत नाही, म्हणून हा वेगळा धागा. अलाबामा विद्यापीठाच्या संघाने त्या वर्षी तेराच्या तेरा सामने जिंकले. त्यांच्या एसईसी या कॉन्फरन्सने (विद्यापीठांच्या गटाने) कॉन्फरन्सबाहेरचे सामने रद्द केल्यामुळे एरवी हंगामाच्या सुरुवातीला हमखास मिळणारे दुबळे पाहुणे संघ त्यांच्या वाट्याला आलेच नाहीत. दहा सामने एसईसीतल्याच संघांशी, मग एसईसीच्या अंतिम सामन्यात फ्लोरिडाविरुद्ध ५२-४६, राष्ट्रीय उपांत्य सामन्यात नोटर डेमविरुद्ध ३१-१४ आणि ११ जानेवारी २०२१ रोजी मायामी गार्डन्सला राष्ट्रीय अंतिम सामन्यात ओहायो स्टेटविरुद्ध ५२-२४. ऑबर्नविरुद्धच्या सामन्यात तर प्रशिक्षक निक सेबन स्वतः बाधित होऊन घरी होते. यापेक्षा खडतर वाट कोणत्या विजेत्याने चालली, ते दाखवा. राहिला प्रश्न खेळवण्याचा. क्लेमसन विद्यापीठाचा तेव्हाचा नामांकित खेळाडू ट्रेव्हर लॉरेन्स याच्यासह अनेक खेळाडूंनी १० ऑगस्टलाच ‘आम्हाला खेळायचे आहे’ असे जाहीरपणे सांगितले होते. सज्ञान मुलांचा निर्णय आपण कोण फिरवणार?

मृण्मयी :
पूर्णपणे असहमत. आपण खेळाडूंचे अर्धेच म्हणणे उचलले आहे. त्याच निवेदनात सर्व कॉन्फरन्सना समान आरोग्यनियम हवेत आणि खेळाडूंची स्वतःची संघटना हवी, अशाही मागण्या होत्या. त्याआधी २ ऑगस्टला पॅक-१२ या कॉन्फरन्समधल्या खेळाडूंनी आरोग्याची हमी आणि उत्पन्नात वाटा मागितला होता. यातले ‘खेळायचे आहे’ एवढेच सर्वांना ऐकू गेले. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाचे चॅपल हिलचे वर्ग १० ऑगस्टला सुरू झाले आणि आठवड्याभरात, १७ तारखेला, पदवीचे वर्ग ऑनलाइन करावे लागले. फुटबॉलचा सराव मात्र पुढे चालू राहिला. इतिहास शिकणाऱ्या मुलाला वर्गात बसणे धोक्याचे, आणि प्रत्येक डावाला समोरच्याच्या हेल्मेटच्या जाळीला जाळी भिडवून धापा टाकणाऱ्या लाइनमनला मात्र सुरक्षित, हे कोणते वैद्यकशास्त्र? मी तेव्हा दुसऱ्या एका विद्यापीठात शिकत होते. आम्हा परदेशी विद्यार्थ्यांना वसतिगृह रिकामे करण्याची नोटीस आली, विमाने बंद, पुण्याला परतायची सोय नाही. आणि त्याच इमारतीचा एक मजला संघाच्या विलगीकरणासाठी राखून ठेवलेला. दारांवर लावलेल्या त्यांच्या जेवणाच्या पिशव्यांवर जर्सीचे क्रमांक लिहिलेले असत. तो राग अजून गेलेला नाही आणि जाणारही नाही.

कोलंबसकर :
सरळ रेषा यांच्याशी सहमत. आमच्या ओहायो स्टेटच्या कॉन्फरन्सने, बिग टेनने, ११ ऑगस्टला हंगाम पुढे ढकलला आणि १६ सप्टेंबरला निर्णय फिरवला, तोपर्यंत आमचे वेळापत्रक उद्ध्वस्त झाले होते.

डॅलसचे देशपांडे :
उद्ध्वस्त? आपल्या संघाने साखळीत पाचच सामने खेळले. कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यासाठी किमान सहा हवेत, हा बिग टेनचा स्वतःचा नियम. तो ९ डिसेंबरला, आपल्यासाठी, मोडला गेला. आपल्याऐवजी अंतिम सामन्याला गेली असती ती इंडियाना घरी बसली. आठ विजय आणि एक पराभव असलेल्या टेक्सस ए अँड एमला पाचव्या क्रमांकावर ठेवून राष्ट्रीय विजेता ठरवणाऱ्या चार संघांच्या प्लेऑफबाहेर काढले गेले. तारांकन हवे असेल तर ते तिथे लावा.

कोलंबसकर :
इंडियानाला आम्ही मैदानात ४२-३५ असे हरवले होते. मेरीलँड आणि मिशिगन यांचे सामने त्यांच्या बाधेमुळे रद्द झाले, त्याची शिक्षा आम्ही का भोगावी?

मृण्मयी :
आणि इलिनॉयचा सामना आपल्याच संघातील बाधेमुळे रद्द झाला, हे लिहायचे राहिले. खुद्द ओहायो स्टेटच्या डॉक्टरांनी बाधा होऊन गेलेल्या २६ खेळाडूंचे हृदय तपासले, तेव्हा चौघांत स्नायूदाहाच्या खुणा दिसल्या होत्या. त्यानंतरही आपण सामन्यांची संख्या मोजत बसला आहात, याचे वाईट वाटते.

सरळ रेषा :
त्याच विषयावरच्या बिग टेनच्या मोठ्या पाहणीत १,५९७ पैकी ३७ खेळाडूंतच तसे आढळले, हेही सांगावे.

मृण्मयी :
ती पाहणी मे २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. २०२० मध्ये मैदानात उतरवताना ती कोणाच्या हातात होती?

सरळ रेषा :
ठीक आहे, हा मुद्दा मान्य करावा लागेल. तरीही फुटबॉलच्या उत्पन्नावर बाकीचे खेळ जगतात, हे विसरून चालणार नाही. हंगाम पूर्ण बुडाला असता तर पोहणे, टेनिस, जिम्नॅस्टिक्स सगळेच संपले असते.

शुभदा_ल :
इतका वेळ नुसती वाचत होते, पण हे वाक्य सहन झाले नाही. आयोवा विद्यापीठाने २१ ऑगस्ट २०२० रोजी पुरुषांचे पोहणे, टेनिस, जिम्नॅस्टिक्स आणि महिलांचे पोहणे बंद केल्याचे जाहीर केले. कारण दिले ते फुटबॉल स्थगित झाल्याने बुडणाऱ्या सुमारे १० कोटी डॉलर उत्पन्नाचे. महिन्याच्या आत फुटबॉल परतले. हे खेळ परतले का? महिलांचे पोहणे परतले ते मुलींनी न्यायालयात धाव घेतल्यावर. पुरुषांचे तिन्ही संघ गेले ते गेलेच. बटरफ्लाय ही शैली ज्या विद्यापीठात १९३० च्या दशकात आकाराला आली, त्याची ही कथा. स्टॅनफर्डने ११ खेळ बंद करायचे ठरवले होते. माजी खेळाडूंनी रान उठवल्यावर मे २०२१ मध्ये माघार घेतली. माझी मुलगी आणखी एका विद्यापीठात पोहत होती. एका सकाळी सगळ्या संघाला व्हिडिओ कॉलवर बोलावले, सर्वांचे माइक आधीच बंद केलेले, एका अधिकाऱ्याने कागदावरून वाचून दाखवले आणि कॉल संपला. ती पडद्यावर हात वर केल्याची खूण दाबून बसली होती. वयाच्या आठव्या वर्षापासून ठाण्याच्या तलावावर पहाटे नेत होतो आम्ही तिला. त्या शरद ऋतूत त्याच विद्यापीठाचे फुटबॉलपटू चार्टर विमानाने सामन्यांना जात होते.

कोलंबसकर :
ताई, तुमच्या मुलीबद्दल वाईट वाटते. पण यात फुटबॉलपटूंचा काय दोष? रोज चाचणीसाठी नाकात काडी घालून घेत होते ते.

शुभदा_ल :
मुलांना दोष मी कुठे दिला? ‘फुटबॉलमुळे इतर खेळ वाचले’ हे विधान निराधार आहे, एवढेच म्हणते आहे. पैसा हवा होता तेव्हा चाचण्या, विमाने, स्वतंत्र निवास, सगळे उभे राहिले. डझनभर जलतरणपटूंच्या शिष्यवृत्त्यांसाठी मात्र काहीच उभे राहिले नाही.

डॅलसचे देशपांडे :
शुभदाताईंना अनुमोदन. आणि व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या फुटबॉल संघाकडे विलगीकरणामुळे किकरच उरले नाहीत, तेव्हा २८ नोव्हेंबरला मिझुरीविरुद्ध महिला सॉकर संघाची गोलरक्षक सारा फुलर किक मारायला उतरली. म्हणजे गरज पडली की दुसऱ्या खेळाचा दरवाजा ठोठावता येतो.

सरळ रेषा :
आयोवाचा घटनाक्रम तपासला, तो बरोबर आहे. इतर खेळ वाचवण्याविषयीचे माझे वाक्य मी मागे घेतो. अलाबामाविषयीचे एक अक्षरही नाही. शिवाय खेळाडूंवर अन्याय झाला म्हणता, तर खेळाडूंच्या खटल्यात जून २०२५ मध्ये न्यायालयाने मंजूर केलेल्या तडजोडीत २०१६ पासूनच्या खेळाडूंना सुमारे २.८ अब्ज डॉलरची थकबाकी मिळणार आहे. २०२० चे खेळाडूही त्यात येतात.

शुभदा_ल :
त्यातली बहुतांश रक्कम फुटबॉल आणि पुरुष बास्केटबॉलपटूंना जाणार आहे, आणि पुढे खेळाडूंना द्यायचा वाटाही विद्यापीठांना सर्व खेळांच्या एकत्रित अंदाजपत्रकातूनच काढायचा आहे. तो काढण्यासाठी आता कोणते संघ बंद होतील, तेही लिहा.