बाबांच्या वर्षश्राद्धाचे पैसे पार्किन्सन्सच्या रुग्णांसाठी द्यायचे आहेत – पुण्यात कुठे, कसे?

मुक्ता_सहकारनगर
पुढच्या महिन्यात बाबांना जाऊन वर्ष होईल. ११ वर्षं पार्किन्सन्स (कंपवात) होता. जेवणावळ न घालता ते २५ हजार याच आजाराच्या रुग्णांसाठी द्यावेत, असं आई म्हणते. मला शनिवारी सुट्टी असते, तेव्हा कामही करू शकेन. बाबांचा वॉकर घरात पडून आहे, तो कुणाला देऊ?

नळस्टॉप
पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे. रुग्ण आणि घरच्यांनीच चालवलेला स्वमदत गट. ११ एप्रिलला जागतिक पार्किन्सन्स दिन असतो, त्यानिमित्त त्यांचा मेळावा होतो. आत्ता कशाची गरज आहे ते आधी त्यांनाच विचारा. कुठेही दिलंत तरी चेकने द्या आणि ८०जीची (आयकर सवलतीची) पावती मिळते का ते विचारून घ्या. २,००० रुपयांवरची रोख देणगी सवलतीत धरत नाहीत आणि सवलतही जुन्या करप्रणालीतच आहे.

वृंदा जोशी
मुक्ता, तुझा शनिवार मात्र नक्की दे गं. माझ्या मिस्टरांना पार्किन्सन्स होऊन ९ वर्षं झाली. मित्रमंडळाच्या सभेला जायची इच्छा दोघांनाही असते, पण रिक्षातून उतरवून जिना चढवायला मी एकटी पुरत नाही, मग आम्ही घरीच बसतो. कुणी सोबत आलं तर तेवढ्यानेच आमचा महिना बरा जातो.

एक सांगून ठेवते. उंबऱ्याशी त्यांचे पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात. तेव्हा हात धरून ओढायचं नाही, तोल जातो. शांतपणे 'एक-दोन, एक-दोन' म्हणायचं, किंवा आपलं पाऊल आडवं ठेवून 'हे ओलांडा' म्हणायचं. पाऊल उचललं जातं. चेहरा हलत नाही म्हणून रागावलेत असं समजू नकोस, आतून ते हसत असतात. आणि गोळीची वेळ चुकवायची नाही. कार्यक्रम लांबला की सगळ्यांचे हाल होतात.

ताल_धरा
वृंदाताईंचं एक-दोन अगदी खरं. ठेक्यावर पाऊल पडतं. नर्तक हृषीकेश पवार यांनी पुण्यात रुग्णांसाठी नृत्यवर्ग घेतले ते यामुळेच. अशा वर्गांना ने-आण करणारी माणसं लागतात. सोसायटीचा हॉल सकाळी तासभर मोकळा मिळवून दिलात तर तीही मोठी देणगी.

फिजिओ_कर्वेनगर
वॉकर परस्पर कुणाला देऊ नका. उंची जुळायला हवी. चाकांचा असेल तर काहींच्या हातून तो पुढे पळतो आणि माणूस पडतो. रुग्णाच्या फिजिओला दाखवूनच द्या.

मुक्ता_सहकारनगर
सगळ्यांचे मनापासून आभार. आईला वाचून दाखवलं. उंबऱ्याचं ऐकून ती रडली, बाबांना आम्ही ओढायचो. मित्रमंडळाशी सोमवारी बोलते. वृंदाताई, तुम्ही कुठे राहता ते व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. पुढच्या सभेला मी गाडी घेऊन येते, आईही येईल म्हणतेय.