"तू असं सांगितलंच नव्हतंस": बोलण्यात नक्की बदलायचं काय?

सिडकोकर
घरी आणि अंबडला (नाशिकची औद्योगिक वसाहत) कामावर, दोन्हीकडे हेच ऐकायला मिळतं. सांगतो एक, होतं भलतंच. मग आवाज चढतो आणि मूळ मुद्दा बाजूलाच राहतो. "शांत राहा" सोडून काहीतरी करता येण्यासारखं सांगा.

शिफ्ट_इन्चार्ज
आधी सूचनांचं बघू, कारण निम्मी भांडणं तिथेच उगवतात. "जरा लवकर", "थोडं जास्त", "बघून घे" हे शब्द प्रत्येकजण आपापल्या मापाने घेतो. "संध्याकाळपर्यंत माल पाठव" ऐकून एकजण पाचला गाडी भरतो, दुसरा सातला पॅकिंग सुरू करतो. त्यापेक्षा "शंभर बॉक्स, पाच वाजता गाडीत चढलेले" म्हणा. कोणी करायचं, तेही नाव घेऊन.

ठिकाणाचं तसंच. नाशकात "स्टँडवर ये" म्हणालात तर समोरचा जुन्या सीबीएसला (मध्यवर्ती बसस्थानक) थांबेल, नाहीतर ठक्कर बाजारच्या स्टँडला, नाहीतर मुंबई नाक्यावर महामार्ग स्थानकात. "कारंजावर भेटू" म्हटलं तरी रविवार कारंजा की पंचवटी कारंजा, हे सांगावंच लागतं.

शेवटी "समजलं का?" विचारू नका. त्याचं उत्तर कायम "हो"च येतं, कारण "नाही" म्हणायला लाज वाटते. "सुरुवात कशाने करणार?" असं विचारा. चूक असेल तर पहिल्याच वाक्यात कळते. मोठ्या माणसाला मात्र हे परीक्षा घेतल्यासारखं लागतं, तिथे भार आपल्यावर घ्यायचा: "काका, माझं काही सांगायचं राहिलं का? तुम्ही आधी काय घेणार?"

ऐका_जरा
वरचं सगळं बोलण्याचं झालं, ऐकण्याचंही बघा. 2009 मध्ये दहा भाषांतल्या संभाषणांचा अभ्यास झाला होता. एकाचा प्रश्न संपून दुसऱ्याचं उत्तर सुरू होईपर्यंतचं अंतर साधारण 200 मिलिसेकंद निघालं. एवढ्या वेळात वाक्य जुळवता येत नाही, म्हणजे समोरचा बोलत असतानाच आपलं उत्तर शिजत असतं. त्यात त्याचा शेवटचा भाग निसटू शकतो, आणि आपल्याकडे खरी गोष्ट बहुधा शेवटीच येते: "बाकी सगळं ठीक, फक्त…"

उपाय सोपा, पण जड जातो. त्याचं संपल्यावर दोन सेकंद थांबा, मग त्याचंच म्हणणं आपल्या शब्दांत एका वाक्यात मांडा: "म्हणजे अडचण पैशांची नाही, तारखेची आहे, बरोबर?" प्रत्येक वाक्याला असं केलंत तर समोरचा वैतागेल. पैसे, तारीख, तब्येत किंवा नाराजी, एवढ्यांपुरतंच ठेवा.

गंगापूर_रोड
आवाज चढतो त्याबद्दल. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मार्शल रोझेनबर्ग यांची न दुखावता बोलण्याची पद्धत चार पायऱ्यांची: काय दिसलं, काय वाटलं, गरज काय, विनंती काय. माझं मत, घरच्या मराठीत चारही एकदम बोललात तर "पुस्तकी बोलू नकोस" ऐकावं लागेल. पहिली आणि चौथी पुरते.

"तुला कधीच घराचं भान नसतं" म्हटलं की समोरचा "कधीच" खोडायला बसतो, गेल्या मंगळवारचा दाखला काढतो आणि विषय संपला. त्याऐवजी: "आठला ताटं वाढली, तू साडेनऊला आलास, फोन नव्हता. उशीर होणार असेल तर आठच्या आत एक मेसेज टाक." यात खोडण्यासारखं काही नाही आणि करण्यासारखं एकच आहे. "जबाबदारीने वाग" ही विनंती नव्हे. ती पाळली की नाही हे कोण ठरवणार?

राग आलाच असेल तर वेळ सांगून उठा: "अर्ध्या तासाने बोलतो." न सांगता उठलात तर तो अबोला ठरतो.

सिडकोकर
हे पटलं. आणि व्हॉट्सॲपवर?

शिफ्ट_इन्चार्ज
ग्रुपवर काम टाकलं की ते कोणाचंच नसतं, नाव लिहा. निळ्या टिका म्हणजे वाचलं, कबूल केलं असं नाही. एका मेसेजात एकच प्रश्न ठेवा. तीन विचारलेत तर सोप्याचं उत्तर येतं. आणि दोनदा लिहूनही गाडी अडली तर तिसरा मेसेज टाइप न करता फोन लावा.