जपान: नारामध्ये विद्यार्थी गाइड घेतलाय का कोणी?

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे. एप्रिलमध्ये आई-बाबांना घेऊन जपानला जातोय. क्योतोहून एक दिवस नाराला जायचा बेत आहे. तिथे कॉलेजची मुलं हौसेने तोदाइजी, कासुगा ही देवळं इंग्रजीतून दाखवतात. मानधन नाही, त्यांचा प्रवास आणि जेवणखर्च तेवढा आपण करायचा.

कोणाला अनुभव आहे का? बाबांचे गुडघे दुखतात. मुलं सावकाश चालतात, की ठरलेला मार्ग उरकतात? शिवाय तोदाइजीतल्या १५ मीटर उंच बुद्धमूर्तीपुढे बाबा तासभर हलणार नाहीत, हे आत्ताच सांगतो. आई शुद्ध शाकाहारी, आणि तिकडे सुपातसुद्धा माशाचा अर्क असतो. गाइडसोबत जेवता येईल असं ठिकाण सुचवा. टिप देण्याची पद्धत तिथे नाही, म्हणून लोणावळ्याची चिक्की न्यावी म्हणतोय. चालेल ना?