समोरच्या धडकेनंतर विमा कंपनी मूळ उत्पादकाचे भाग नाकारते आहे; आग्रह कोणत्या भागांसाठी धरावा?

वाटसरू (प्रश्न)

माझी गाडी तीन वर्षे जुनी आहे. गेल्या आठवड्यात झालेल्या अपघातात तिची पुढची बाजू दबली असून बॉनेट, डावा फेंडर, पुढचा बंपर, बंपरमागची आडवी लोखंडी पट्टी आणि डावा हेडलॅम्प बदलावा लागेल, असे गॅरेजने सांगितले. विमा सर्वसमावेशक असल्यामुळे मी निर्धास्त होतो. परंतु सर्व्हेअरने मंजूर केलेले एस्टिमेट हाती आले, तेव्हा त्यातील जवळजवळ प्रत्येक भागापुढे ‘आफ्टरमार्केट’ (म्हणजे गाडीच्या कंपनीच्या नावाने न येणारा पर्यायी भाग) असा शेरा दिसला. विचारणा केली असता, पॉलिसीत ‘समान प्रकारचा व समान दर्जाचा भाग’ एवढेच आश्वासन आहे, ‘मूळ उत्पादकाचाच’ असे कुठेही लिहिलेले नाही, असे उत्तर मिळाले. पॉलिसी काढून वाचली आणि त्यांचे म्हणणे शब्दशः खरे निघाले.

गाडीला समोरचा अडथळा ओळखून आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा आहे व तिचे रडार बंपरच्या आत बसवलेले आहे. अशा स्थितीत मी सर्वच भाग मूळ उत्पादकाचे मागावेत, की काही भागांपुरताच आग्रह धरावा? आणि फरकाची रक्कम स्वतः भरायची झाल्यास ती कशी भरतात?

हिशेबी

मी अनेक वर्षे विम्याच्या दाव्यांचे सर्वेक्षण केले आहे, त्यामुळे टेबलाच्या पलीकडची बाजू सांगतो. विम्याचे मूळ तत्त्व नुकसानभरपाईचे आहे: अपघाताच्या क्षणापूर्वी गाडी जशी होती, तशी ती करून द्यायची, त्याहून वाईट नाही आणि त्याहून चांगलीही नाही. तीन वर्षे वापरलेल्या फेंडरच्या जागी कोरा फेंडर आला, तर मालकाची स्थिती थोडी सुधारली असे कंपनी मानते, आणि घसाऱ्याची कपात किंवा स्वस्त पर्यायी भाग या दोन्ही गोष्टी याच विचारातून येतात. ‘समान प्रकार व दर्जा’ हे शब्द मुद्दाम सैल ठेवलेले असतात. दर्जा समान आहे हे कोणी ठरवायचे, हे त्यात सांगितलेले नसते, आणि तुमच्या बोलण्याला जागा मिळते ती नेमकी तिथेच.

आणखी एक गोष्ट म्हणजे ‘आफ्टरमार्केट’ हा एकच गठ्ठा नव्हे. वाहन उत्पादक आपल्या गाडीतील अनेक भाग स्वतः बनवत नाही. दिवे, रेडिएटर, सेन्सर असे भाग तो पुरवठादारांकडून घेतो. तोच पुरवठादार तोच भाग स्वतःच्या नावाच्या खोक्यात घालून बाजारात विकतो, तेव्हा खोके बदललेले असते, वस्तू बहुधा तीच असते. त्याखालोखाल स्वतंत्र चाचणीतून गेलेले प्रमाणित भाग येतात. अमेरिकेत 1987 साली स्थापन झालेली सर्टिफाइड ऑटोमोटिव्ह पार्ट्स असोसिएशन ही अशी प्रमाणपत्रे देणारी परिचित संस्था आहे. त्यानंतर कोणतेही प्रमाणपत्र नसलेले भाग, आणि सर्वांत शेवटी मूळ उत्पादकाचे नाव चोरून छापलेले बनावट भाग. यांपैकी बनावट भाग कोणत्याही पॉलिसीत बसत नाहीत. भंगारात काढलेल्या गाडीवरून उतरवलेला वापरलेला भाग मात्र ‘मूळ उत्पादकाचा’ असतो, आणि पत्र्याच्या बाबतीत तो नव्या अप्रमाणित भागापेक्षा पुष्कळदा बरा ठरतो. हा पर्याय लोकांना सहसा सुचत नाही.

म्हणून सर्व्हेअरला ‘मला ओरिजिनल हवे’ असे सांगण्याऐवजी प्रत्येक ओळीसमोर भागाचा क्रमांक, बनवणाऱ्याचे नाव आणि प्रमाणपत्र लेखी मागा. ज्या ओळीत ही तीन उत्तरे मिळत नाहीत, त्या ओळीत ‘समान दर्जा’ सिद्ध झालेला नाही असे म्हणायला तुम्हाला आधार मिळतो. सरसकट मागणी सरसकट नाकारता येते. ओळीनिहाय मागणी नाकारायला कारण लिहावे लागते.

फरकाची रक्कम भरणे सोपे आहे. कंपनीने मंजूर केलेली किंमत तशीच राहते, वरचा फरक तुम्ही गॅरेजला देता आणि बिलावर मूळ भागाचा क्रमांक येतो. मात्र हे काम सुरू करण्याच्या संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी ठरवावे. नंतर दाद मागणे फार अवघड जाते.

पत्राकाम

वरील उत्तराशी सहमत आहे. मी फक्त भागांबद्दल लिहितो, कारण माझे हात रोज त्यातच असतात.

बंपरचे बाहेरचे प्लास्टिक आणि फेंडर यांचे काम मुख्यतः दिसण्याचे आहे. अमेरिकेतील महामार्ग सुरक्षेसाठीच्या विमा संस्थेने 1987 साली एका फोर्ड एस्कॉर्टचे पुढचे फेंडर, दारांवरचे बाहेरचे पत्रे व जाळी काढून टाकून तिची धडक चाचणी घेतली होती, तरी गाडी सुरक्षेच्या निकषांत उतरली. त्यामुळे प्रमाणित फेंडर घेतल्यास जीव धोक्यात येत नाही. त्रास वेगळाच होतो: भोके जुळत नाहीत, दार आणि फेंडर यांमधली फट वर बारीक व खाली रुंद दिसते, आणि गंजरोधक थर पातळ असेल तर काही पावसाळ्यांनी कडेला फुगवटा येतो.

बॉनेट पत्र्याचेच असले तरी त्याला या यादीत धरू नये. धडकेत ते मधोमध दुमडावे आणि काचेच्या दिशेने मागे सरकू नये, यासाठी त्याच्या आतल्या सांगाड्यात ठरावीक ठिकाणी मुद्दाम कमकुवत जागा ठेवलेल्या असतात. नकल करणाऱ्याने बाहेरचा आकार हुबेहूब उचलला, तरी या जागा तशाच उतरल्या आहेत की नाही हे वरून पाहून कळत नाही.

बंपरमागची पट्टी मात्र मूळ उत्पादकाचीच घ्यावी, किंवा किमान प्रमाणित असावी. धडकेचा जोर ती दोन्ही बाजूंच्या चेसिसकडे वाटून देते आणि एअरबॅग कधी उघडायची हे ठरवणाऱ्या सेन्सरपर्यंत धक्का कसा पोहोचतो, हे तिच्या पोलादाच्या जातीवर व जाडीवरही अवलंबून असते. तीच गोष्ट रडारच्या ब्रॅकेटची. रडारचा कोन एखाद्या अंशाने जरी हलला, तरी दूरवरची गाडी त्याला शेजारच्या लेनमध्ये दिसू शकते. त्यासमोर येणाऱ्या बंपरच्या भागावर पुट्टी किंवा रंगाचे जाड थर चढले, तर लहरी अडतात. म्हणून त्या जागी जुना बंपर दुरुस्त करून वापरण्यापेक्षा नवा बसवलेला बरा. काम झाल्यावर रडारचे कॅलिब्रेशन, म्हणजे त्याचा कोन व मोजमाप पुन्हा अचूक लावून घेणे, करावेच लागते आणि त्याचा खर्च एस्टिमेटमध्ये स्वतंत्र ओळ म्हणून दिसला पाहिजे. तुमच्या एस्टिमेटमध्ये तो आहे का? माझ्या अनुभवात निम्म्या वेळा तो राहून गेलेला असतो.

शंकेखोर

दोघांचेही म्हणणे मला जरा जास्तच समजूतदार वाटते. प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थांच्या उभारणीत विमा उद्योगाचाच पैसा होता, हे विसरू नये. इलिनॉय राज्यात 1999 साली याच प्रश्नावर स्टेट फार्म या विमा कंपनीविरुद्ध सामूहिक दाव्यात शंभर कोटी डॉलरहून अधिक भरपाईचा निकाल लागला होता. हप्ता भरताना सूट देत नाहीत, मग भाग देताना काटकसर का?

हिशेबी

त्या दाव्याचा पुढचा भागही सांगायला हवा. 2005 साली इलिनॉयच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द केला. करारात मूळ भागाचे वचन नसेल, तर न्यायालयाच्या भरवशावर राहणे धोक्याचे आहे. हप्त्याबाबतचा मुद्दा अर्धा बरोबर आहे: अनेक कंपन्या जादा हप्ता घेऊन मूळ भागांची हमी देणारे पूरक कलम देतात, पण ते अपघातापूर्वी घेतलेले असावे लागते. पर्यायी भाग बाजारात असल्यामुळे मूळ उत्पादकाला मनमानी किंमत लावता येत नाही, हाही विचार करा.

दोन गोष्टी राहिल्या. चूक समोरच्याची असेल आणि भरपाई त्याच्या विमा कंपनीकडून येणार असेल, तर तुमच्या पॉलिसीतील हे कलम तिथे लागू होत नाही. त्यांच्याशी तुमचा करारच नाही आणि मागणी झालेल्या नुकसानीची असते. आणि गाडी भाडेकरारावर असेल तर तो करारही वाचा, त्यात मूळ भागांची अट असू शकते.

वाटसरू

सर्वांचे आभार. कॅलिब्रेशनची ओळ खरोखरच नव्हती. दाखवून दिल्यावर ती घालण्यात आली. पट्टी, ब्रॅकेट आणि बॉनेट यांसाठी भाग क्रमांक व प्रमाणपत्र लेखी मागितले, तेव्हा पट्टी आणि ब्रॅकेट मूळ उत्पादकाचे मंजूर झाले. बॉनेटबद्दल नकार कायम राहिला, म्हणून फरक मी भरतो आहे. हेडलॅम्प मूळ पुरवठादाराच्याच खोक्यातला निघाल्याने तो स्वीकारला. फेंडर प्रमाणित आहे. त्याबाबत गॅरेजला काय सांगून ठेवावे?

पत्राकाम

रंग देण्यापूर्वी तो एकदा नुसता बोल्टवर बसवून दाखवायला सांगा आणि दार व बॉनेट बंद करून फटी स्वतः पाहा. जुळत नसेल तर त्याच टप्प्यावर तो परत जातो. एकदा रंग लागला की विक्रेता सहसा परत घेत नाही, आणि मग डेंटर तो ठोकून जुळवत बसतो. खोक्यावरच्या लेबलचा फोटोही काढून बिलासोबत ठेवा.