कपचीएवढं फ्रॅक्चर, पण साधं नव्हे

'एक्स-रेत गुडघ्याच्या वाटीखाली हाडाची बारीक कपचीच दिसते, मग मुका मारच असणार', असं पुष्कळांना वाटतं. मुलांच्या बाबतीत इथंच फसायला होतं. माझा भाचा ११ वर्षांचा. म्हापशाला फुटबॉल खेळताना उडी मारायला गेला आणि गुडघा टम्म फुगला. पहिल्या ठिकाणी क्रेप बँडेज बांधून घरी पाठवलं. दुसऱ्या डॉक्टरांनी एवढंच सांगितलं, "पाय सरळ ठेवून उचल बघू." उचलेना! म्हणजे हा नुसता मुका मार नव्हता.

या वयात वाटीचं खालचं टोक बरंचसं कूर्चेचं (एक्स-रेत न दिसणाऱ्या मऊ, लवचिक हाडाचं) असतं. मांडीच्या स्नायूच्या हिसक्यानं कूर्चेचा मोठा तुकडा सुटतो, आणि त्याला चिकटलेलं जरासं हाडच काय ते एक्स-रेत दिसतं. वाटी वर सरकलेली दिसली किंवा शंका उरली, तर एमआरआय करावा. तुकडा सरकलेला असेल तर ऑपरेशन: वाटीत बारीक भोकं पाडून जाड टाके, नाहीतर तारेची बांधणी. न सरकलेल्याला प्लास्टर पुरतं.

उलटही होतं हं. वाटीच्या वरच्या बाहेरच्या कोपऱ्यात गुळगुळीत कडांचा वेगळा तुकडा वाढीतच न जुळता राहिलेला असू शकतो. तो फ्रॅक्चर नव्हे.

भाच्याला टाके घातले. वाकवताना अजून कुरकुरतो, पण जिना चढतो.